बाजारविद्येची तयारी : कोणाच्या वेळात, कोणाच्या पैशात?

नोकरी न सोडता पुढे शिका, असा उपदेश हल्ली नोकरदार तरुणाला चहूबाजूंनी ऐकू येतो. कचेरीतील वरिष्ठ तो करतात, शिकवणीवर्गांच्या जाहिराती करतात आणि घरातील वडीलधारी माणसेही करतात. विक्री आणि प्रसार खात्यांत काम करणाऱ्यांच्या बाबतीत या उपदेशाचे ठरलेले रूप म्हणजे मार्केटिंगचा, मराठीत ज्याला विपणन म्हणतात त्या विषयाचा, अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम. १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने मुंबईत जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था उभी राहिली. तेव्हापासून या शहरात व्यवस्थापनशिक्षणाचे पीक उदंड आले, आणि नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम हा त्याचाच एक भरघोस वाफा होय. वर्ग संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी भरतात. प्रवेशासाठी पदवीबरोबर नोकरीच्या अनुभवाचा दाखला लागतो.

प्रवेशाची तयारी कशी करावी हे सांगणारी पुस्तके पदपथावर ढिगाने मिळतात. शेकडेवारी, गुणोत्तरे, तक्ते वाचून उत्तरे काढणे, इंग्रजी उताऱ्यांवरील प्रश्न, गटचर्चेत कसे बोलावे, मुलाखतीत कसे बसावे, अर्जासोबतच्या निबंधात आपल्या आयुष्याचे ध्येय कसे मांडावे, असे सर्व काही त्यांत असते. पुढच्या अभ्यासाची तोंडओळख म्हणून मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली चार सूत्रेही, म्हणजे वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार, पाठ करवून घेतली जातात. ही सारी तयारी कोणाच्या वेळात आणि कोणाच्या पैशात व्हावयाची, हा प्रश्न मात्र त्यांत शोधूनही सापडत नाही. तो तयारीचा भागच नाही, असे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. श्रमिकांच्या चळवळीने ते गृहीत धरण्याचे काही कारण नाही.

प्रथम वेळाचा हिशेब करून पाहावा. आठवड्यातून चार संध्याकाळी तीन-तीन तासांचे वर्ग आणि त्यासाठी दर खेपेस दीड तासाचा जास्तीचा प्रवास, असे धरले तर आठवड्याचे १८ तास होतात. वर्षाचे ४० आठवडे आणि तीन वर्षे मिळून ते २,१६० तास भरतात. आठ तासांचा एक दिवस या मापाने हे २७० दिवस झाले. महिन्याचे २५ दिवस कामाचे मानले तर जवळजवळ अकरा महिन्यांची नोकरी झाली! यात प्रवेशपरीक्षेपूर्वीच्या अभ्यासाचे महिने धरलेले नाहीत, घरी करावयाचे प्रकल्प धरलेले नाहीत आणि परीक्षेच्या आधीच्या जागरणांचा तर हिशेबच नाही. म्हणजे मालकाला अधिक कुशल माणूस मिळावा म्हणून नोकरदार अकरा महिने बिनपगारी राबतो, आणि वर त्याची फी स्वतःच भरतो. वस्त्रोद्योगात एकेकाळी बदली कामगाराला आधी फुकट राबवून मग मागावर उभे करीत असत, तर त्याला शोषण म्हणण्यात कोणाला संकोच वाटला नसता. येथे गळ्यात टाय आणि हातात संगणक आहे एवढ्यावरून त्याच व्यवहाराला ‘स्वतःमधील गुंतवणूक’ असे शहाजोग नाव मिळाले आहे.

हा शब्द नीट तपासून पाहण्याजोगा आहे. गुंतवणूक करणाऱ्याला नफ्याचा हक्क असतो आणि हिशेबात खर्च दाखवण्याची मुभाही असते. कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी पाठवले तर तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून तिच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. तेच शिक्षण नोकरदाराने स्वतःच्या पगारातून घेतले तर त्याला अशी वजावट नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत शिकवणी-फीची जी सवलत आहे, ती मुलांच्या शिक्षणापुरती आहे, स्वतःच्या नव्हे. शिक्षणासाठी कर्ज काढले तर व्याजावर आठ वर्षांपर्यंत सवलत मिळते, परंतु तीही जुन्याच पद्धतीत. २०२३-२४ पासून जी नवी पद्धत सर्वांना आपोआप लागू होऊ लागली, तीत या सवलतीला जागा नाही. शिकवणीवर्गाची पायरी चढताच फीवर १८ टक्के जीएसटी पडतो तो वेगळाच. तेव्हा मालक शिकवतो तेव्हा तो धंदा ठरतो, आणि नोकरदार शिकतो तेव्हा ती त्याची खासगी हौस ठरते. नाटकाच्या तिकिटाइतकीच!

या हौसेचा भुर्दंड सर्वांना सारखा पडत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात असे आढळले की, घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. विरारहून किंवा डोंबिवलीहून येणाऱ्या नोकरदार स्त्रीला संध्याकाळचा वर्ग म्हणजे दिवसाची तिसरी पाळी आहे. पहिली चुलीपाशी, दुसरी कचेरीत आणि तिसरी फळ्यासमोर. प्रवेशसमितीपुढे मात्र तिचा अर्ज आणि ज्याच्या हातात रात्री तयार ताट येते त्याचा अर्ज शेजारी शेजारी ठेवून ‘गुणवत्ता’ तोलली जाते.

महाराष्ट्रात तरी या वेळाचा इतिहास कोणी विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झुंज दिली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाला रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. कामाच्या आठ तासांचे तत्त्व १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या पहिल्याच कराराने जगासमोर मांडले. त्यामागील विचार साधा होता. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास माणसाच्या स्वतःच्या मालकीचे. या तिसऱ्या आठ तासांवर आज कोणी उघडपणे हक्क सांगत नाही. तेथे शिरण्याची वाट निराळी आहे. ‘तू स्वतःहून दे’ असे म्हणावयाचे, आणि जो देणार नाही त्याला महत्त्वाकांक्षा नाही असा शेरा मारावयाचा. त्यातून आता पहिले आठ तासही आठ राहण्याची शाश्वती उरलेली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर, आणि कारखान्यांतील ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कौशल्य वाढवा असे सांगणाऱ्यांनीच दिवस वाढवावयाचा, हा विनोद ज्यांना सुचला त्यांच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे.

औषध कंपनीच्या प्रतिनिधीचे उदाहरण घेतले की या साऱ्या व्यवहाराचे आतील दोरे दिसू लागतात. विपणनाच्या अर्धवेळ वर्गांत दिसणारा हा एक नेहमीचा चेहरा. त्याचे काम सकाळी रुग्णालयांतून सुरू होते आणि डॉक्टर मंडळी दवाखान्यात बसतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी, ते पुन्हा रंगात येते. ज्या वेळी वर्ग भरतो त्याच वेळी त्याची खरी पाळी असते. म्हणून तो शनिवार-रविवारचे वर्ग शोधतो, आणि लोखंडे यांनी मिळवलेला रविवार स्वतःच्या हाताने परत करतो. भेटींचा रोजचा अहवाल मोबाइलवरून पाठवावयाचा असतो, तो कोठे उभा आहे हेही तोच मोबाइल सांगत असतो, आणि महिन्याअखेर विक्रीचे उद्दिष्ट डोक्यावर असते. प्रतीक्षागृहातील बाकावर, नमुन्यांची बॅग पायांशी ठेवून तो गुणोत्तरांची गणिते सोडवतो. त्याला व्यवस्थापक व्हावयाचे आहे. का व्हावयाचे आहे, असे विचारले तर उत्तर बहुधा पगाराचे येत नाही. पायपीट थांबावी, दारात ताटकळणे संपावे, उद्दिष्ट दुसऱ्याला द्यावे आणि आपण ते घेऊ नये, असे येते. या उत्तरात एक रास्त गाऱ्हाणे दडलेले आहे. अर्जासोबतच्या निबंधात ते लिहावयाचे नसते. तेथे ‘नेतृत्वगुण विकसित करणे’ असे लिहावयाचे असते.

आणि व्यवस्थापक झाल्यावर काय होते? या प्रतिनिधींना कामगार म्हणून मान्यता मिळवण्यासाठी मोठा लढा द्यावा लागला. त्यांच्या संघटनांच्या रेट्यामुळे १९७६ मध्ये विक्री-प्रसार कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा झाला. तो किती आवश्यक होता हे पुढे १९९४ मध्ये दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या वर्षी असा निर्णय दिला की औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येपुरते पाहिले तर औषध प्रतिनिधी ‘कामगार’ ठरत नाही. त्याचे संरक्षण १९७६ च्या कायद्याच्याच आधारे उभे राहते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी तो जुना कायदा पोटात घेतला. नव्या औद्योगिक संबंध संहितेत विक्री-प्रसार कर्मचारी ‘कामगारा’च्या व्याख्येत आहे, पण व्यवस्थापकीय काम करणारा तीतून बाहेर आहे, आणि देखरेखीचे काम करणारा महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेत असेल तर तोही बाहेर आहे. म्हणजे तीन वर्षांचे रविवार देऊन जो हुद्दा मिळवावयाचा, त्या हुद्द्याच्या उंबरठ्यावर कामगार कायद्याचे छत्र काढून ठेवावे लागते. न्यायालय हुद्द्याच्या नावाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहते हे खरे. पण ते सिद्ध करण्यात जी वर्षे जातात त्यांची फी निराळी भरावी लागते. ‘एरिया मॅनेजर’ हे पद कंपन्यांना इतके प्रिय का आहे, याचे उत्तर विपणनाच्या पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

शिफारसपत्राचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. काही ठिकाणी अर्जाला वरिष्ठाचे शिफारसपत्र जोडावे लागते, आणि काही कंपन्यांत शिकण्यासाठीच ‘ना हरकत’ लागते. कागद साधा दिसतो. परंतु ज्याच्या सहीवर पुढची तीन वर्षे अवलंबून आहेत, त्या वरिष्ठासमोर जादा कामाच्या भत्त्याविषयी किंवा खोट्या भेटीच्या अहवालाविषयी कोण तोंड उघडील? अर्ज भरण्याच्या हंगामात संघटनेच्या सभांना येणारी माणसे रोडावतात असे दिसले तर त्याचे कारण उदासीनता आहे असे समजून कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावू नये. कंपनी फी भरते तेथे तर उघड बेडीच असते. अमुक इतकी वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास सर्व रक्कम परत करीन, असे लिहून घेतले जाते.

येथवर वाचून ज्या कार्यकर्त्यांनी समाधानाने मान डोलावली असेल, त्यांच्याशीही थोडे भांडण आहे. चळवळीच्या कार्यालयांतून या विषयावर एक ठरीव मत ऐकू येते. मार्केटिंग म्हणजे नसलेली गरज निर्माण करण्याची आणि नको असलेली वस्तू गळ्यात मारण्याची कला. ती शिकणारा मनाने मालकाच्या बाजूला गेलेलाच असतो. तेव्हा त्याच्या तयारीची चिंता श्रमिकांच्या पक्षाने का वाहावी? हे मत दिसावयास कडक असले तरी आतून आळशी आहे. विक्री खात्यातील लाखो नोकरदारांना एका वाक्यात शत्रूच्या छावणीत ढकलून देण्याइतकी श्रमिकांची चळवळ आज श्रीमंत नाही. आणि रात्री शिकणाऱ्या कष्टकऱ्याला हसण्याची परंपरा तर महाराष्ट्रात कधीच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना येता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. कष्टकऱ्याने शिकावे, आणि शिक्षणसंस्थेने आपले घड्याळ त्याच्या घड्याळाशी जुळवून घ्यावे, ही त्यामागची दृष्टी होती. आज घड्याळ उलट बाजूने जुळवले जाते, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

बाजाराची विद्या ही भांडवलदाराची वडिलोपार्जित मिळकत आहे असे मानणे हीदेखील एक शरणागतीच होय. १९६८ मध्ये भारत सरकारने ‘निरोध’ गावोगाव पोहोचवले ते चहा, साबण आणि बॅटऱ्या विकणाऱ्या कंपन्यांचे वितरणजाळे वापरून, आणि तीन नगांना १५ पैसे अशी किंमत ठेवून. वस्तू, किंमत, वितरण, प्रसार ही चारही सूत्रे तेथे नफ्यासाठी न वापरता वापरली गेली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’ला चव होती, पण केवळ चवीवर पापड देशभर जात नाही. ज्यांचा टोमॅटो दर काही वर्षांनी रस्त्यावर ओतला जातो त्या शेतकऱ्यांना, आणि ज्यांचे उत्तम कापड गोदामात पडून राहते त्या विणकर संस्थांना, ही विद्या जाणणारी माणसे हवी आहेत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने, म्हणजे १९५४ मध्ये जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कारखान्याने, देशात पेनिसिलिन तयार करून दाखवले. परंतु डॉक्टरच्या मेजापर्यंत पोहोचण्याची कला मात्र खासगी कंपन्यांच्या हाती राहिली. उत्पादन समाजाचे आणि बाजार धनिकांचा, अशी वाटणी जेथे होते तेथे शेवटी उत्पादनही समाजाचे राहत नाही.

याचा अर्थ ही विद्या निरागस आहे असा नव्हे. तिचा सर्वांत काळा अध्याय बालान्नाचा आहे. गरीब देशांतील प्रसूतिगृहांत परिचारिकेसारखा वेष केलेल्या विक्रेत्या स्त्रिया पाठवून बाळंतिणींना भुकटीच्या दुधाची सवय लावण्यात येत असे. स्वच्छ पाणी नाही, डबा महाग म्हणून भुकटी पातळ केलेली, आणि तान्ही मुले अतिसाराने व कुपोषणाने दगावत. १९७४ मध्ये ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वॉन्ट’ या संस्थेने त्यावर ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली, पुढे जगभर बहिष्काराची चळवळ झाली आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मालाच्या विक्रीविषयी आचारसंहिता केली. भारताने १९९२ मध्ये कायदा करून अशा दुधाच्या जाहिरातीवर बंदी घातली. त्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की जिच्याकडे विक्री-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुन्हा पुन्हा पाहावे. हा माल विकणाऱ्या नोकराचे वेतन किंवा कमिशन विक्रीच्या प्रमाणावर ठरवता येत नाही. विक्रेत्याची भाकरी विक्रीच्या आकड्याला टांगली की तो खोटे बोलण्यास भाग पडतो, हे कायदेमंडळाने येथे मान्य केले आहे. बाळाच्या दुधाला जे लागू, ते रुग्णाच्या औषधाला का लागू नसावे? हा प्रश्न प्रवेशपरीक्षेत कधी येणार नाही. मुलाखतीत कोणी तो उलट विचारला तर समितीच्या चेहऱ्यांवर काय उमटेल, हे मात्र पाहण्यासारखे असेल.

म्हणूनच ‘तयारी’ हा शब्द मालकांच्या आणि शिकवणीवर्गांच्या हाती सोडून चालणार नाही. तयारी करणाऱ्याने शेकडेवारी शिकावी, संख्याशास्त्र शिकावे, जमाखर्च वाचावयास शिकावे. ताळेबंद वाचता येणारा कार्यकर्ता वेतनकराराच्या वाटाघाटीत दहा घोषणांचे काम करतो. फिलिप कोटलर यांचे १९६७ मधील ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ वाचावे. समाजहिताच्या गोष्टींसाठी हेच तंत्र वापरता येईल असे त्यांनीच झाल्टमन यांच्याबरोबर १९७१ मध्ये लिहिले, तेही वाचावे. थिओडोर लेव्हिट यांचा १९६० मधील गाजलेला निबंध तर अवश्य वाचावा. अमेरिकेतील रेल्वे कंपन्या बुडाल्या त्या आपण गाड्या चालवतो असे समजल्यामुळे. आपण माणसांची व मालाची ने-आण करतो हे त्या विसरल्या, असे त्यांचे म्हणणे. कामगार संघटनांनाही हा आरसा गैरसोयीचा आहे. आपण केवळ भत्त्यांची वाढ मागतो असे समजणारी संघटना, माणसाचा वेळ आणि त्याचे शिक्षण हा आपला विषय आहे हे विसरते.

पण त्याच टेबलावर दुसरी पुस्तकेही असावीत. १९७५ चा हाथी समितीचा अहवाल असावा, ज्याने औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकली जावीत याचा आग्रह धरला आणि सार्वजनिक क्षेत्राला पुढाकार देण्याची शिफारस केली. मार्च २०२४ ची औषध-विपणनाची एकसमान संहिता असावी. तीत डॉक्टरांना भेटवस्तू आणि प्रवासाच्या सोयी देण्यास मनाई आहे. मात्र तक्रारींचा निवाडा उद्योजकांच्याच संघटनांनी नेमलेल्या समित्यांनी करावयाचा आहे. कुंपणाची राखण शेताच्या चोराकडे कशी सोपवली जाते, याचा हा उत्तम पाठ आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराला इंग्रजी उताऱ्यापुढे घाम फुटतो. त्याच्यासाठी संघटनेच्या कार्यालयात शनिवारी दोन तास मोफत वर्ग चालवणे फार अवघड नाही. जागा आहे, निवृत्त शिक्षक व बँक कर्मचारी आहेत, पंखेही आहेत. नसते ती इच्छा. शिकवणीवर्गाला हजारो रुपये मोजून जी गणिते शिकावयाची, ती तेथे शिकता येतील, आणि गणित संपल्यावर चहा घेताना जी चर्चा होईल तिची किंमत कोणत्याही फीत मोजता येणार नाही.

मुख्य मागणी मात्र वेळाची आहे आणि ती नवी नाही. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पगारी शिक्षणरजेचा १४० वा करार संमत केला. कामाच्या वेळात, वेतनासह, ठरावीक काळ शिकण्याचा हक्क त्यात आहे. शिक्षण म्हणजे व्यवसायाचे प्रशिक्षण, सामान्य व नागरी शिक्षण, आणि कामगार संघटनेचे शिक्षणसुद्धा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ब्रिटन आणि फ्रान्स तर सोडाच, केनिया आणि टांझानिया यांनीही त्यास मान्यता दिली. भारताने पन्नास वर्षे उलटूनही दिलेली नाही. या अवधीत केंद्रात अनेक रंगांची सरकारे आली आणि गेली, त्यांत श्रमिकांचे मित्र म्हणवणारेही होते. इटलीच्या धातूकामगारांनी तर १९७३ च्या वेतनकरारातच तीन वर्षांत १५० तासांची पगारी शिक्षणरजा मिळवली. तेवढाच किंवा अधिक वेळ कामगाराने स्वतःचा घालावयाचा, अशी अट होती. काय शिकावे हे मालकाने ठरवावयाचे नव्हते. हजारो कामगारांनी त्या तासांत अर्धवट सुटलेली शाळा पूर्ण केली, काहींनी विद्यापीठांत जाऊन अर्थशास्त्राची चर्चा केली. २,१६० तासांपुढे १५० तास म्हणजे काय, असे कोणी विचारील. पण परीक्षेपूर्वीची दोन-तीन आठवड्यांची झोप त्यात बसते, आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे हे मालकाच्या सहीने कागदावर येते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. संघटनेने ज्याला रजा मिळवून दिली, गणित शिकवले, तोच उद्या व्यवस्थापक होऊन संघटनेच्या सभासदांना बदलीची पत्रे वाटील. काही जण तसे करतीलच. पण आज जे तसे करीत आहेत ते काही संघटनेच्या वर्गातून गेलेले नाहीत. ते एकट्याने, आपल्या खर्चाने, कोणाचे काही देणे न लागता वर चढले, आणि वर पोचल्यावर कोणाचे देणे न लागल्यासारखेच वागतात. शिवाय वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ते पद मिळत नाही. शिडीला वरच्या पायऱ्या थोड्याच असतात. जे तीन वर्षांनी पदवी हातात घेऊन त्याच बाकावर, त्याच बॅगेसह बसतात, ते कोणाकडे जाणार याचा विचार व्हावयास हवा. स्वतःतच काही उणे आहे असे समजून ते आणखी एखाद्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरतात.

येत्या वेतनकरारांच्या मागणीपत्रांत महागाई भत्ता आहे, प्रवासभत्ता आहे, वैद्यकीय विमा आहे, दिवाळीची उचल आहे. परीक्षेच्या दिवसांची पगारी रजा, अभ्यासाचे ठरावीक तास, करारबंधनाविना फीचा वाटा आणि शिफारसपत्राची सक्ती रद्द करणे, या चार ओळी लिहिण्यास फार जागा लागत नाही. प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी त्या लिहून व्हाव्यात.